खालून नसलेली बोट

कवळीकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते दातांच्या कवळ्या बनवत, म्हणून गल्लीने त्यांना कवळीकर केलं. हे नाव पुढे इतकं रुळलं की खऱ्या आडनावाने आलेली पत्रं पोस्टमन "ह्या नावाचं इथे कोणी नाही" असा शेरा मारून परत पाठवू लागला. कवळीकरांनी दारावर 'दंततंत्रज्ञ' अशी पाटी लावून पाहिली, पण ती वाचून होईपर्यंत माणूस पुढच्या घरी पोचलेला असे. शेवटी त्यांनी नाद सोडला.

असा हा मेण आणि प्लास्टर ह्यांच्यात सुखाने बुडालेला मनुष्य एकाएकी युद्धनौका बांधायला का बसला, तर सासऱ्यांमुळे. सासरे आयुष्यभर नौदलात बोटीच्या बॉयलरवर होते. जिन्यात पाय घसरला म्हणून लेकीने त्यांना आपल्या घरी आणलं. पाय बरा झाला, पण बाबा काही घरचे झाले नाहीत. पंखा लावायचा तर विचारत. पेपर वाचून झाला की इस्त्री केल्यासारखी घडी घालून जागेवर ठेवत. चहा प्यायले की कप स्वतः विसळत आणि "छान झाला होता हो" असं लेकीला सांगत. सख्ख्या लेकीला 'हो'! ती बिचारी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

आणि बाबांनी नदीपलीकडच्या निवृत्तांच्या निवासात नाव घालून ठेवलं होतं. "जावयाच्या घरी किती दिवस राहायचं? आपली जागा आपल्याला असलेली बरी," एवढंच ते म्हणाले होते. तिथली एखादी खोली रिकामी झाली की फोन येणार होता. त्यामुळे घरात फोन वाजला की बायको हातातलं काम टाकून आधी बाबांकडे पाहायची.

"तुम्ही काहीतरी करा ना," ती कवळीकरांना म्हणाली.

"मी काय करणार? मी दातांचा माणूस."

"मग बसा दात कोरत!"

हे कवळीकरांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी प्लास्टरचे जबडे वाळत घालताना त्यांच्या डोक्यात कल्पना आली, की बाबांची बोट करायची. हुबेहूब, छोटीशी. ती पाहून बाबांना वाटेल, ह्या घरात आपल्याबद्दल कुणीतरी इतका विचार केलाय, आणि ते राहतील. कल्पनेत तशी खोट नव्हती. खोट नंतर निघाली, आणि तीसुद्धा तळाशी.

बाबांच्या बोटीच्या अगदी त्याच जातीच्या विनाशिकेच्या जोडायच्या तुकड्यांचा खोका परदेशातल्या एका कंपनीकडून टपालाने मागवता येतो, असं कळलं. खऱ्या बोटीपेक्षा सातशेपट लहान. कवळीकरांनी पत्ता घरालगतच्या आपल्या कार्यशाळेचा दिला आणि नाव 'कवळीकर' असंच घातलं, म्हणून खोका पोचला. आत करड्या प्लॅस्टिकचे सांगाडे, त्यांना लटकलेले तुकडे, आणि कुठल्याशा अगम्य लिपीतलं माहितीपत्रक. त्यातली चित्रं मात्र सुरेख होती. तोफ होती तिळाएवढी. शिडीला तर पायऱ्या आहेत हे भिंगातूनच कळत होतं. कवळीकर ते भिंग डोळ्याला लावून बसले ते जेवायला हाक मारली तरी उठेनात. ही दोरी कशाची? हा भोंगा कुणासाठी? ही एवढीशी पेटी डेकवर कोणी ठेवली असेल, आणि का? त्यांना प्रश्नांवर प्रश्न पडत होते, आणि एवढं कुतूहल त्यांना लग्नानंतर प्रथमच कशाबद्दल तरी वाटत होतं. हे त्यांनी बायकोला बोलून दाखवलं नाही, एवढं शहाणपण शाबूत होतं.

गुपित दोन दिवसही टिकलं नाही. बाबा सोडून सगळ्या इमारतीला कळलं. कारण चिमट्यातून एक तोफ उडाली. आता तोफ उडणारच म्हणा, पण ती उडाली ती नाहीशीच झाली. कवळीकर, बायको आणि शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू अशी तिघं जमिनीवर ओणवी झालेली असताना खालच्या मजल्यावरचे ऑडिटरकाका वर आले. काकांनी नोकरीभर इतरांच्या कामातली तूट शोधली होती, आणि निवृत्त झाल्यावर तीच सेवा ते फुकट देत होते. त्यांनी सगळ्यांना उभं केलं, शेवटचं कोणी पाहिलं ह्याची जबानी घेतली आणि खिडकीला दोष दिला. तोफ संध्याकाळी त्यांच्याच पायमोज्यात सापडली.

मग रंग. कवळीकरांना वाटत होतं, रंग तर आपल्या हातचा मळ. माणसाचे दात पांढरे कमी आणि पिवळे, राखी, तपकिरी जास्त असतात, आणि त्यातल्या छटा ते डोळे मिटून ओळखत. पण युद्धनौकेच्या करड्याने त्यांना लोळवलं. ऑडिटरकाका म्हणाले, करडा म्हणजे सरकारी कपाटाचा, दुसरा करडा असतोच कुठे? काकूंनी कापडांचे नमुने आणून टेबलावर पसरले. "हा सिमेंटचा, हा पारव्याचा, आणि हा आमच्या वन्संच्या शालीचा. समुद्रावर थंडी असते, शालीचा घ्या." कवळीकरांनी सात वेळा रंग लावला आणि सहा वेळा पुसला. ह्या भरात एका मुख्याध्यापिकाबाईंची कवळी मागे पडली. त्या रोज फोन करून काहीतरी बोलत. काय बोलत ते दातांअभावी कळत नसे, पण सूर समजत होता.

शेवटी बोट झाली. वीतभर लांबीची, पण काय देखणी! बायकोसुद्धा "अगंबाई" म्हणाली. ऑडिटरकाकांनी मात्र ती उचलली आणि सवयीने उलटी केली.

"कवळीकर," ते म्हणाले, "हिला खाली काही नाही."

खरंच नव्हतं. बोट खालून सपाट होती, सुरीने कापावी तशी. पाण्याखाली जाणारं पोट गायबच. कवळीकर इतके दिवस समजत होते की तो भाग शेवटच्या पानावर येईल. शेवटच्या पानावर कंपनीच्या दुसऱ्या बोटींची जाहिरात होती.

"अर्धा माल दिला!" काकांचे डोळे चमकले. "उघड उघड फसवणूक. चला, तक्रार करू."

ग्राहक तक्रार केंद्रात खिडकीपलीकडे एक बाई बसल्या होत्या. कवळीकरांनी शर्टाची वरची गुंडी लावली आणि गंभीरपणे सांगितलं, "बोटीचा खालचा भाग मिळालेला नाही."

"कुठे बुडाली?"

"बुडाली नाही हो. बुडायचा भागच आला नाही."

बाईंनी मान वर केली, बोट पाहिली, कवळीकरांना पाहिलं आणि म्हणाल्या, "फोटो जोडा."

"हा घ्या."

"हा मिळालेल्या भागाचा आहे. तक्रार न मिळालेल्या भागाची आहे. त्याचा फोटो लागेल."

"अहो, मिळालाच नाही तर फोटो कसा काढणार?"

"मग मिळाला नाही, हे आम्ही कशावरून धरायचं?"

कवळीकरांनी आधारासाठी काकांकडे पाहिलं. काका विचारात पडले होते. "मुद्दा बिनतोड आहे त्यांचा," ते म्हणाले.

घरी येऊन कवळीकरांनी रिकाम्या टेबलाचा फोटो काढला, त्याच्या मागे 'न मिळालेला भाग' असं लिहिलं आणि तो नेऊन दिला. तो ताबडतोब स्वीकारला गेला, वर शिक्काही बसला. कवळीकर पायऱ्या उतरताना म्हणाले, "आपण शहाणे की वेडे, हे आता मला कळेनासं झालंय." काका म्हणाले, शिक्का मिळाला म्हणजे झालं.

काही आठवड्यांनी कंपनीचं उत्तर आलं, ह्या वेळी समजेल अशा भाषेत. 'आमच्या ह्या मालिकेतल्या नौका समुद्रावर तरंगताना दिसतात तशा असतात. पाण्याखालचा भाग पाण्याखाली असल्यामुळे दिसत नाही, म्हणून दिलेला नाही. आपला गैरसमज झाला ह्याचा खेद वाटून सोबत एक भेट पाठवत आहोत.' भेट म्हणजे तीच बोट, तीच वरची बाजू, आणखी एकदा. काका म्हणाले, "उत्तम! एक सुलटी, एक उलटी, दोन्ही चिकटवा. उद्या वादळात उलटली तरी कामात खंड नाही."

कवळीकरांनी कंपनीचं म्हणणं मनोमन मान्य केलं. बरोबरच होतं की. समुद्रावरच्या बोटीचं पोट कधी कुणाला दिसतं? त्यांनी बोट एका निळ्या फळीवर बसवली, भोवती पांढऱ्या रंगाच्या लाटा काढल्या, धुतलेला शर्ट घातला आणि संध्याकाळच्या चहाला ती बाबांच्या पुढ्यात ठेवली.

बाबांनी कप बाजूला सरकवला. मग त्यांनी भिंग मागितलं. मागितलं म्हणजे "हरकत नसेल तर" असं म्हणून मागितलं. तोफा पाहिल्या, शिड्या पाहिल्या, कप्तानाच्या खोलीवर भिंग थांबवलं. "इथे साहेब उभे राहायचे," ते म्हणाले. मग त्यांनी फळीला अगदी गाल टेकवून लाटांच्या रेषेपाशी पाहिलं, आणि काहीतरी हरवल्यासारखा फळीखाली हात फिरवला.

"छान केलीय हो, जावईबापू. फार मेहनत घेतलीत." त्यांनी भिंग पुसून परत दिलं. "आम्ही काही ह्यात नाही. आम्ही ह्याच्या खाली. पण छान केलीय."

कप विसळून ते आपल्या खोलीत गेले, आणि थोड्या वेळाने निवासाला फोन करून खोलीचं कुठवर आलं ते विचारताना त्यांचा आवाज आला.

बायको कवळीकरांकडे वळली. "माझ्या बापालाच कापून टाकलंत तुम्ही!"

ज्या माणसासाठी बोट केली, नेमका तोच पाण्याखाली गेला होता. कवळीकर कार्यशाळेत जाऊन जबड्यांच्या रांगेसमोर बसले. जबडे नेहमीसारखे हसत होते. त्यांना फार लाज वाटली. आणि लाजेच्या आड, खरं सांगायचं तर, पुन्हा ते कुतूहल जागं झालं. लाटांच्या खाली काय असतं? इतकी वर्षं हा माणूस होता तरी कुठे? सासरे बॉयलरवर होते हे त्यांना लग्नात सांगितलं होतं, आणि त्यांनी "वा वा" म्हणून पुढचा प्रश्न विचारलाच नव्हता.

सकाळी ते बाबांपुढे मेणाची लादी घेऊन उभे राहिले. "बाबा, बोटीचं पोट करायचंय. खालून ती दिसायची कशी?"

"मला काय माहीत?" बाबा म्हणाले. "मी बाहेरून कधी पाहिलीच नाही. मी आत असायचो."

"मग आतून सांगा. आमचा धंदाच आतून माप घ्यायचा आहे. आजवर एकाही कवळीचं माप मी गालावरून घेतलेलं नाही."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत प्रथमच नीट पाहिलं. मग ते उठले, बैठकीच्या खोलीच्या मधोमध उभे राहिले, आणि न विचारता पंखा बंद केला.

"हे टेबल हलवा," ते म्हणाले. "इथे पहिला बॉयलर."

टेबल हललं. खुर्च्या हलल्या. कपाट दुसरा बॉयलर झालं. बाबा हात पसरून उभे राहत, मग सरकत, मग पुन्हा हात पसरत. "इथपर्यंत मी, मग माझा जोडीदार, मग झडप, मग आणखी एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट." काकू मापाची फीत घेऊन धावल्या. भिंत आड आली. "इथे भिंत नव्हती," बाबा म्हणाले. भिंतीला इलाज नव्हता, म्हणून दार उघडून माप जिन्यापाशी गेलं, आणि तिथूनही उरलं तेव्हा काकूंच्या घरात शिरलं. काकूंच्या शिवणयंत्रापाशी बाबा पाठीतून वाकले आणि डोक्यावर हात धरला. "इथे भिंत वाकायची. पलीकडे पाणी. कान लावला की ऐकू यायचं."

कवळीकरांनी भिंतीला कान लावला. काकूंनीसुद्धा नकळत कान पुढे केला.

एवढ्यात ऑडिटरकाका खालून तणतणत आले. डोक्यावर हा काय धिंगाणा, म्हणून ते विचारणार होते, पण त्यांना तोंड उघडायला उसंतच मिळाली नाही. "तुम्ही, तिथे पंपावर!" बाबा गरजले, आणि काका छत्रीचा दांडा वरखाली करू लागले. "वेग वाढवायचा हुकूम आलाय वरून! तेल सोडा! अरे ए, बघतोस काय, झडप उघड!"

हे 'अरे ए' कवळीकरांना होतं. त्यांनी कपाटाचं दार धाडकन उघडलं. आतून गाद्या, उशा आणि मुख्याध्यापिकाबाईंचं प्लास्टरचं तोंड असं सगळं अंगावर आलं. अंगठा चेचला, पण त्यांना इतका आनंद झाला होता की ते ओरडायचं विसरले. स्वयंपाकघराच्या दारात बायको पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडतही होती. बाबा घामाघूम झाले होते आणि "चहा आण गं!" असं लेकीवर खेकसले. "छान झालाय" वगैरे काही म्हणाले नाहीत. उष्टा कप टाकीवर, म्हणजे रेडिओवर, तसाच ठेवून दिला.

मग हिशेब झाला. काकूंची मापं काकांनी सातशेने भागली, पुन्हा भागली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुनी ओळखीची कळा आली.

"तफावत!" ते म्हणाले. "ह्यांची बॉयलरची खोली अख्ख्या बोटीपेक्षा रुंद आहे. दोन्ही बाजूंनी बाहेर येते."

"बाबांना आठवत नसेल नीट," बायको हळूच म्हणाली. "वय झालं."

"थोडी शिवण आत घ्या," काकू म्हणाल्या. "कळायचं नाही कुणाला."

आता आली का पंचाईत? वरच्या बाजूच्या बेताचं पोट करावं, तर बाबांचं माप खोटं पडतं. बाबांच्या मापाने करावं, तर सातशेपट लहान करूनही बोट गरोदर दिसणार. कवळीकरांनी दिवसभर मेण नुसतंच मळलं. माहितीपुस्तकं काढली, त्यात अशा बोटींची पोटं सडपातळ होती. पण मग त्यांना वाटलं, ज्याच्या तोंडात बसवायची त्याला विचारायचं की पुस्तकाला? कवळी काही शेजाऱ्यांना शोभून दिसावी म्हणून करत नाहीत. त्यांनी मेणाला बाबांच्या मापाचा आकार दिला, साचा घेतला आणि आपल्याकडचं कवळीचं गुलाबी साहित्य त्यात ओतलं. आतून पोकळ ठेवलं, वरची बोट त्यावर डबीच्या झाकणासारखी घट्ट बसेल असं. वर तांबडा रंग दिला, कारण बोटी खालून तांबड्या असतात एवढं सगळी पुस्तकं एकमताने सांगत होती.

रविवारी बोट पुन्हा टेबलावर आली. लाटा गेल्या होत्या. वरती ती सडसडीत विनाशिका होती, आणि खाली तांबडं, फुगलेलं, ऐसपैस पोट. ऑडिटरकाका खो खो हसत सुटले. काकूंनी त्यांना कोपरखळी मारली आणि स्वतः तोंड फिरवून हसल्या.

बाबा हसले नाहीत. त्यांनी बोट हातात घेतली, उलटी केली, अंगठ्याने तिचं पोट चाचपलं.

"ही एवढी रुंद नव्हती," ते म्हणाले.

कवळीकरांचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्ही सांगितलंत त्याच मापाने..."

"माप माझंच आहे. खोटं नाही." बाबा बोटीकडेच पाहत होते. "मी अठरा वर्षांचा होतो. शिडीवरून पहिल्यांदा खाली उतरलो आणि वर झाकण बंद झालं. आई आठवली. ह्या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला दिसत नाही एवढी मोठी वाटली मला ती. पुढे सवय झाली, पण लहान काही कधी वाटली नाही."

लेक त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिने हे कधीच ऐकलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून तिला आता वाईट वाटत होतं.

"मी कमी करतो," कवळीकर म्हणाले. "कानशीने घासलं की होईल."

"खबरदार हात लावशील तर!"

आणि तेवढ्यात फोन वाजला.

बायकोने बाबांकडे पाहिलं. कुणीच जागचं हललं नाही, म्हणून बाबांनीच उठून घेतला. निवासाचे व्यवस्थापक बोलत होते. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. खोली रिकामी झाली आहे, खिडकी नदीकडे उघडते, उद्या सकाळी यायला हरकत नाही.

"असं होय," बाबा म्हणाले. "नदीकडे उघडते का? वा." बोट अजून त्यांच्या दुसऱ्या हातात होती. "पण मला नाही जमायचं हो. दुसऱ्या कुणाला देऊन टाका. माझी इथे ड्यूटी लागलीय... काय म्हणता? सुटणार कधी? अहो साहेब, बॉयलर पेटलेला असताना कुणी सुटतं का!"

त्यांनी फोन ठेवला. लेक आता ओक्साबोक्शी रडत होती, तिच्या डोक्यावर त्यांनी येता येता एक टपली मारली. मग बोट टेबलावर ठेवून तिची वरची बाजू झाकणासारखी उचलली, तिच्या पोकळ पोटात डोकावून पाहिलं आणि जावयाकडे वळले.

"आत सगळं रिकामंच ठेवलंयस की रे! बॉयलर कुठायत? माणसं कुठायत? ऊठ, मेण तापव."